मिरच्यांची धुरी

१

"बाबा उठू नाही राहिले." विनायकची ही हाक आली तेव्हा धुरपदा चुलीवर चहाचं आधण ठेवत होती. हातातलं भांडं तसंच टाकून ती मागच्या खोलीकडं धावली.

शालिग्रामभाऊ, तिचे सासरे, खाटेवर आडवे होते. तोंड उघडं, श्वास चालू, आणि गाल मात्र तरण्या पोरासारखे लालबुंद. खिडकी सताड उघडी असल्यानं पौषातली थंडी खोलीत भरली होती. खिडकीखाली चिंध्यांचे बोळे पडले होते. ते तिनं उचलून बाजूला ठेवले. सासरा बेशुद्ध असला तरी सुनेचा हात आवराआवर करायचा थांबत नाही.

तोवर सोजरबाई आल्या. या शालिग्रामभाऊंच्या थोरल्या बहीण. नवऱ्यामागं माहेरी आल्या आणि घराच्या किल्ल्या नसल्या तरी घराची जीभ त्यांच्याकडं होती. त्यांनी भावाच्या तोंडावर पाणी मारलं. शालिग्रामभाऊंनी अर्धे डोळे उघडले, ओठ हलले.

"धुर… धुर…" एवढं म्हणून ते पुन्हा विझले.

सोजरबाई सावकाश उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "ऐकलं ना? भावानं नाव घेतलं. धुरपदा. रातच्याले दूध कोनं दिलं? हिनंच."

खोलीत माणसं ती किती? धाकटा दीर विनायक, त्याची बायको मंगला, सोजरबाई आणि धुरपदा. सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणालाच शंका नव्हती. धुरपदाचा नवरा गजानन राखीव पोलिसांत. निजामाचा मुलूख भारतात आला त्या धामधुमीत त्याची तुकडी हैदराबादकडं गेली, ती अजून तिकडंच होती. तिच्या बाजूनं बोलणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि तेच खाटेवर पडलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी शालिग्रामभाऊंना उचलून पुढच्या ओसरीत उन्हाला निजवायला लावलं. विषाची शंका आहे, दूध तपासायला हवं, नगरपालिकेला कळवतो, असं म्हणून ते गेले.

"नगरपालिकेनं विष लिहिलं का पोलीस आलेच समजा," विनायक म्हणाला. "त्याच्या आधी वहिनीले दापोऱ्याले धाडून द्या. घराची इज्जत तरी राहील."

दापोरा म्हणजे धुरपदाचं माहेर. विषाचा डाग घेऊन गेलेली सून परत येत नसते, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. गजानन संक्रांतीला यायचा होता. तो येईल तेव्हा त्याला रिकामी खोली आणि आत्याची जीभ, एवढंच भेटणार होतं. सोजरबाईंनी तर धुरपदाच्या लुगड्यांचं गाठोडं बांधायलाही घेतलं, आणि दापोऱ्याला निरोप्या रवाना झाला.

२

नगरपालिकेकडून आले ते श्रीकांत पंडित, आरोग्य इन्स्पेक्टर. बुऱ्हाणपुरात त्यांना हवेवाले पंडित म्हणत. आधी ते एका लहानशा संस्थानात नोकरीला होते. राजेसाहेबांच्या महालात कोणत्या दालनाला किती खिडक्या हव्यात, त्या कुठं आणि कधी उघडायच्या, हे बघायचं त्यांचं काम. मागल्या साली संस्थान विलीन झालं, राजेसाहेब मुंबईला गेले आणि त्यांच्या झोपेची हवा राखणारा माणूस इथल्या गटारी तपासायला लागला. खोड मात्र गेली नव्हती. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी छताकडं बघायचे आणि म्हणायचे, "हवा खेळत नाही."

"हवा काय लहान पोर आहे साहेब, खेळायले?" असं लोक विचारत आणि हसत.

आज पंडितांना भयंकर सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, डोळे पाणावलेले, बोलणं नाकातून. ते बैठकीत बसले आणि धुरपदा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. दारावर जाड पडदा होता, पण पडद्याला कान झाकता येत नाहीत. आपल्याच खटल्याची सुनावणी ती आपल्याच घरात चोरून ऐकत होती.

"दुधाचा पेला?" पंडितांनी विचारलं.

"मी धुतला सकाळीच," मंगला घाबरून म्हणाली. "रोजच धुते जी."

"पुरावा धुतला," सोजरबाई म्हणाल्या. "तसं पेल्यात उरलं तरी काय होतं? भावानं अर्धं ठेवलं होतं, ते मेल्या मांजरीनं चाटून टाकलं. मी माझ्या डोळ्यानं पाहिली, खोलीच्या दारात मिशा पुसू राहिली होती."

पंडितांनी मान वर केली. "मांजर आता कुठं आहे?"

मांजर समोरच्या भिंतीवर बसून चिमणीवर टपली होती. तिची तब्येत उत्तम दिसत होती. सोजरबाईंनी आपलाच आरोप आपल्याच तोंडानं अर्धा खाल्ला होता. पण त्या हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मग दुधात नसंल. जेवनात असंल."

"जेवण सगळ्यांचं एकच ना?"

"मग नजर लावली हिनं," सोजरबाई म्हणाल्या. "पन केलं हिनंच. भाऊ काय खोटं बोलंल?"

तिथंच सगळं अडत होतं. मांजर दुधाची साक्ष देऊ शकत होती, पण शालिग्रामभाऊंच्या ओठांवर आलेल्या शब्दाला उत्तर कुणाकडं नव्हतं. पंडितही हळूच म्हणाले, "पोलीस आधी तेच विचारतील. माणूस शुद्ध हरपताना उगीच कुणाचं नाव घेत नाही."

पडद्याआड धुरपदा सकाळचा तो शब्द पुन्हा पुन्हा आठवू लागली. मामंजींनी खरंच आपलं नाव घेतलं असेल तर का घेतलं असेल, हेच तिला उमगेना.

३

पंडित मागची खोली बघायला गेले. शालिग्रामभाऊंची गोधडी आणायचं निमित्त करून धुरपदाही पदर पुढं ओढून मागोमाग गेली आणि कोपऱ्यात घड्या घालत राहिली.

खोलीला एक दार, एक खिडकी. तीन बाजूंना घराच्याच भिंती, चौथ्या भिंतीत कोनाडा.

"या भिंतीपलीकडं काय?" पंडितांनी विचारलं.

"आमची वखार," विनायक म्हणाला. "केळी पिकवायची."

शालिग्रामभाऊंचा धंदाच तो. तापीकाठच्या बागांतून हिरवे घड यायचे. वखारीत ते रचायचे, मधे मडक्यात गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवायचा, दार मातीनं लिंपून टाकायचं. धुरात कोंडलेलं केळं पिवळं होऊनच बाहेर यायचं. थंडीत माल पिकायला कुरकुरतो, म्हणून या दिवसांत धुरी जास्त.

पंडितांच्या पाणावलेल्या डोळ्यांत एकदम चमक आली. "काल रात्री धुरी होती?"

"होती साहेब. पन त्याचा काय संबंध? ही खिडकी रातभर खुली होती. बाबांले हवा लागते. सकाळी मी आलो तवा बी खुलीच होती."

पंडितांची चमक गेली. "खिडकी उघडी असेल तर मग हवेचा दोष नाही," ते उदास होऊन म्हणाले. नाकानं हुंगायचा त्यांनी प्रयत्न केला, पण सर्दीपुढं हुंगणार काय. आणि घरच्यांना विचारून उपयोग नव्हता. त्या घरात धुराचा वास कुणालाच येत नसे. धुरपदा नवी नवरी होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर तिचे डोळे चुरचुरले होते. आता तिलाही वास येत नव्हता. मासळीबाजारात राहणाऱ्याला मासळीचा वास येतो का?

पंडितांनी वखारीच्या कडूला बोलावलं. कडू म्हातारा, पण उत्साही. धुरीचं सगळं काम त्याच्याकडं.

"औंदा माल कसा काय?"

"एक नंबर साहेब," कडू छाती काढून म्हणाला. "थंडी असून बी लवकर पिकू राहिला. धूर असा आत मुरू राहिला का विचारू नका. माह्या हाताले बरकत आली औंदा."

"आणि धूर बाहेर कुठून जातो?"

"धुराड्यातनं. बापजाद्याचं धुराडं हाय."

विनायक मधेच म्हणाला, "कडू, मालाची गाडी आली का पाहून घे बरं." कडू गेला.

धुरपदानं गोधडी उचलली आणि तिची नजर कोनाड्याशेजारच्या खुंटीवर गेली. खुंटीला केळीचा घड टांगलेला होता. संक्रांतीसाठी तिचा भाऊ सुपडू यानं दापोऱ्याहून दोन घड आणून दिले होते, एकाच बागेतले, एकाच दिवशी कापलेले, दोन्ही हिरवेगार. एक स्वयंपाकघराच्या आढ्याला लावला होता, दुसरा मामंजींच्या खोलीत. आढ्याचा घड अजून कच्चा होता. हा मात्र पिवळाधम्मक झाला होता. वखारीतून काढल्यासारखा.

धुरपदा गोधडी छातीशी धरून तशीच उभी राहिली.

४

ओसरीत शालिग्रामभाऊंच्या अंगावर गोधडी घालताना तिच्या लक्षात आलं की त्यांचा श्वास सकाळपेक्षा मोकळा चालला आहे. डॉक्टरांची दवा तर घशाखाली उतरली नव्हती. दिवसभर उन्हात आणि वाऱ्यात पडून होते, एवढंच. मग तिला गेल्या काही दिवसांचं आठवलं. धुरीच्या दुसऱ्या दिवशी मामंजींचं डोकं हटकून दुखायचं, उलटीची भावना व्हायची. आणि मालाच्या पैशासाठी ते चांदनी गावाला मुक्कामाला गेले की डोकंबिकं काही नाही. सोजरबाई म्हणत, चांदनीचं पाणी चांगलं.

तेवढ्यात त्यांची पापणी हलली. डोळे उघडले. नजर अजून धूसर होती.

"कोन?" त्यांनी विचारलं. "दापोरावाली का? पानी दे व."

तिनं चमच्यानं पाणी पाजलं. ते प्याले आणि पुन्हा झोपी गेले. पण धुरपदाच्या हातातला चमचा हातातच राहिला, कारण तिला तिच्या कोड्याचं उत्तर मिळालं होतं.

पंडित टोपी घालून निघाले होते. विनायक त्यांना दारापर्यंत सोडायला चालला होता.

"थांबा साहेब."

सगळे वळून बघायला लागले. त्या घरातली सून परक्या पुरुषाशी पहिल्यांदाच बोलली होती. धुरपदा आधी दिराकडं वळली.

"भाऊजी, तुम्ही जरा कडूकडं जा. मले साहेबांशी बोलायचं हाय."

विनायकनं तोंड उघडलं, पण पंडित म्हणाले, "जा तुम्ही." तो गेला. मागं सोजरबाई होत्याच, पण त्यांना घालवणं कुणाला जमणार.

"साहेब, मामंजींनी माझं नाव नाही घेतलं," धुरपदा म्हणाली.

"आम्ही सगळ्यायनं ऐकलं," सोजरबाई फणकारल्या.

"आत्याबाई, तुम्हीच सांगा. मी लग्न होऊन आली तवापासून मामंजींनी मले नावानं हाक मारली का? एकदा तरी?"

त्या घरात सासरा सुनेचं नाव घेत नव्हता. थोरली दापोरावाली, धाकटी मंगला चांदनीवाली. गावावरून हाक, नावाला हात नाही. तसा रिवाजच होता आणि तो सोजरबाईंनीच सगळ्यांत कडक पाळायला लावला होता. आता याच घटकेला शुद्धीवर आलेल्या माणसानं पाणी मागितलं तेही 'दापोरावाली' म्हणूनच. जन्मात न घेतलेलं नाव माणूस बेशुद्धीत कुठून घेईल?

"मग ते धुर, धुर काय म्हणाले?" सोजरबाईंनी विचारलं. पण आवाजातली धार गेली होती.

"धूर म्हणाले," धुरपदा म्हणाली. "नुसतं धूर. कोनी पुरं ऐकलंच नाही. ऐकायच्या आधीच सगळ्यायले माझं नाव सुचलं."

सोजरबाई पदर सावरत आत निघून गेल्या आणि पंडित टोपी काढून पायरीवरच बसले. तिनं मग त्यांना सगळं सांगितलं. खुंटीवरचा पिकलेला घड. डोकेदुखी. आणि सकाळी खिडकीखाली पडलेले चिंध्यांचे बोळे. मामंजींना थंडी सोसत नसे, ते रोज रात्री खिडकी लावून फटींत बोळे कोंबत. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते बोळे सकाळी कुणी काढले?

"म्हणजे खिडकी बंद होती," पंडित पुटपुटले. "कोळशाचा, गोवऱ्यांचा धूर कोंडला की त्यातून एक विषारी वायू निघतो, बाई. डोळ्यांना दिसत नाही, त्याला स्वतःचा वासही नाही. माणूस झोपेतच जातो, आणि गाल लाल होतात. राजेसाहेबांच्या महालात दोन पहारेकरी शेगडीपाशी असेच गेले होते, तेव्हापासून मी हवेच्या मागं लागलो." मग त्यांनी मान हलवली. "पण काल रात्रीही खिडकी बंद होती हे तुम्ही म्हणता. तुमचे दीर म्हणतात उघडी होती. आरोप तुमच्यावर आहे. तुमचं कोण ऐकणार?"

धुरपदा शांतपणे म्हणाली, "माझं नका ऐकू साहेब. उद्या सगळ्यायचा ठसका ऐका."

५

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तसा सुपडूदादा गाडी घेऊन दारात आला. निरोपात काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बैल जुंपलेलेच ठेवून तो चाकाला टेकून उभा राहिला. सोजरबाईंनी गाठोडं उंबऱ्यात आणून ठेवलंच होतं. रात्री त्यांची थोडी झोप उडाली होती, पण एकदा बांधलेलं गाठोडं सोडायला मोठं मन लागतं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. अशा वेळी कुणाला काम नसतं.

"जाते मी," धुरपदा म्हणाली. "पन जायच्या आधी मामंजींची नजर काढते. आत्याबाई म्हणतात नजर लागली. ज्या खोलीत लागली त्याच खोलीत काढायची. सगळ्यायनं बसा."

नजर काढायला सोजरबाईंची ना असणं शक्यच नव्हतं. मिरच्या विस्तवावर टाकायच्या. नजर लागलेली असली तर ठसका उठत नाही, नसली तर उठतो, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. त्या पुढं होऊन बसल्या. मंगला बसली, विनायक बसला. हवेवाले पंडित रुमालानं नाक पुसत दाराशी बसले. खिडकी लावली होती, फटींत बोळे कोंबले होते, अगदी शालिग्रामभाऊ कोंबायचे तसे. शालिग्रामभाऊ स्वतः ओसरीत उन्हात बसले होते. सकाळीच ते पुरते शुद्धीवर आले होते, त्या रात्रीचं मात्र त्यांना काही आठवत नव्हतं.

धुरपदानं आत येऊन दार ओढलं. तिचे हात रिकामे होते.

"मिरच्या कुठं हायेत व?" सोजरबाईंनी विचारलं.

उत्तर पंडितांनी दिलं. "मिरच्या इथं नाहीत. कडूनं पलीकडं वखारीतल्या धुरीवर टाकल्यात, चांगल्या पसाभर. वखारीचं दार मातीनं लिंपून घेतलंय. आता बसून राहायचं."

सोजरबाईंना यातलं काही कळलं नाही. मंगलालाही नाही. भिंतीपलीकडच्या मिरच्यांनी इथं काय होणार? त्या दोघी बसून राहिल्या. पण विनायक उठला. सरळ खिडकीशी गेला आणि बोळे ओढायला लागला.

"बसा," पंडित म्हणाले.

"गरमी होऊ राहिली साहेब."

"पौषात?"

विनायकचा हात बोळ्यावर तसाच थांबला. खोलीत ना धूर होता ना वास. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या.

आणि मग सोजरबाई खोकल्या. आधी एकदा, मग दोनदा, मग असा ठसका लागला की पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मंगला खोकायला लागली, धुरपदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कोनाड्याच्या मागच्या बाजूला विटांच्या फटी होत्या. त्यातून धुराची निळसर रेघ खोलीत उतरत होती. हवेवाल्या पंडितांना एकामागून एक अशा शिंका आल्या की टोपी उडून पडली. शेवटच्या शिंकेनंतर त्यांनी लांब श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नाक मोकळं झालं," ते म्हणाले. "धुराचा वास येतोय."

धुरपदानं दार उघडलं आणि सगळे अंगणात धावले.

६

अंगणात डोळे पुसत पंडित विनायकसमोर उभे राहिले.

"मिरच्या वखारीत आहेत एवढंच ऐकून तिघांपैकी एकच माणूस खिडकीकडं धावला. पलीकडचा धूर इकडं येतो हे त्याला आधीपासून माहीत होतं. काल सकाळी खिडकीही त्यानंच उघडली, बोळे त्यानंच काढले, आणि मग हाक मारली. आता वर चला. धुराडं कुठं निघतं ते मला बघायचंय."

वर जायची गरज पडली नाही. मंगलाच रडायला लागली. "मी म्हटलं होतं यायले," ती नवऱ्याकडं बोट करून म्हणाली. "धुराड्यावर फरशी टाकू नका म्हणून."

गच्चीवर विनायकनं दिवाळीनंतर नवी खोली बांधली होती, स्वतःसाठी आणि मंगलासाठी. धुराड्याचं तोंड नेमकं त्या खोलीच्या खिडकीखाली येत होतं. बापानं बजावलं होतं की धुराड्याला हात लावायचा नाही. पोरानं बापाची पाठ वळताच गवंड्याकडून तोंडावर फरशी बसवून घेतली, वरून चुना मारला. धूर वर जाईना, म्हणून माल लवकर पिकायला लागला, कडूला बरकत दिसायला लागली, आणि कोंडलेला धूर वाट शोधत कोनाड्याच्या फटींतून म्हाताऱ्याच्या उशाशी यायला लागला.

"मले नव्हतं माहीत असं होईल," विनायक खाली मान घालून म्हणाला. "काल खोलीत शिरलो तर माझंच डोकं गरगरलं. खिडकी खोलली तवा समजलं. बाबांले काय सांगू? तेवढ्यात आत्यानं वहिनीचं नाव घेतलं."

"आणि तुमचं काम झालं," धुरपदा म्हणाली.

ती त्याच्यासमोर उभी होती आणि आज पदर पुढं ओढायचं तिला सुचलं नाही.

"भाऊजी, तुम्ही खिडकी उघडली म्हणून मामंजी वाचले. ते तुमचं पुण्य, ते मी कोनापासून लपवनार नाही. चूक कोनाच्या बी हातून होते. पन माझ्यावर विषाचं नाव आलं, माझ्या भावाले बलावनं गेलं, माझं गाठोडं बांधलं, आनि तुम्ही पाहत राहिले. ते तुम्हाले माफ नाही. तुमचे दादा संक्रांतीले येतील, त्यायले तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं."

विनायकनं मान हलवली. त्या क्षणी त्याला तापीत उडी मारायला सांगितली असती तरी त्यानं मान हलवली असती.

ओसरीत बसून शालिग्रामभाऊंनी सगळं ऐकलं होतं. त्यांना अजून मोठ्यानं बोलवत नव्हतं, म्हणून सगळे जवळ गेले.

"फरशी आजच फोड," ते पोराला म्हणाले. "गवंडी नाही बोलवायचा. तूच फोड. आनि वखार आता घरात नको. बागेकडं ने." मग ते पंडितांकडं वळले. "साहेब, राजाच्या महालाची हवा पाहत होते म्हने तुम्ही. माझ्या घराची पाहाल का? जे सांगाल ते करू. फी घ्या."

पंडितांना बुऱ्हाणपुरात आल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं. मग खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी कामाला सुरुवात केली. मागच्या खोलीत जमिनीलगत एक झरोका, समोरच्या भिंतीत छताखाली दुसरा, म्हणजे थंड हवा खालून येईल आणि कोंदट हवा वरून जाईल. कोनाडा पाडून भिंत पक्की. चुलीवर धुराडं. खिडकीला जाळी, म्हणजे बोळ्यांची गरज नको. प्रत्येक खुणेपाशी ते थांबून धुरपदाला विचारत होते, इथं चालेल का बाई, आणि ती विचार करून हो किंवा नाही सांगत होती. स्वयंपाकघरातला झरोका तिनं एक हात डावीकडं सरकवायला लावला, कारण तिथून ऊन तव्यावर यायचं. पंडितांनी निमूटपणे खूण पुसली आणि नवी काढली.

गच्चीवरून घणाचे आवाज यायला लागले. विनायक फरशी फोडत होता. थोड्या वेळानं धुराड्यातून धुराचा मोठा लोट निघाला आणि सरळ आभाळात गेला. गल्लीतल्या बायका माना वर करून बघत राहिल्या. मग त्यातली एक उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "साहेब, माह्या बी घरी या ना. सासूबाई रोज सकाळी डोकं धरून बसते." तिच्या मागं आणखी दोघी होत्या. हवेला खेळू द्यायची गोष्ट त्या गल्लीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसण्यावारी नेली नाही.

सुपडूदादा मात्र अजून चाकाला टेकून उभा होता. आत काय चाललंय ते त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं. तो उंबऱ्यापाशी आला आणि गाठोड्याला हात घालून म्हणाला, "चालायचं का बहिनी?"

"दादा, बैल सोड," धुरपदा म्हणाली. "जेवूनच जा. संक्रांत करून गेला तरी चालंल."

तो हसला आणि गाठोडं आत नेऊन ठेवायला उचलू लागला, तशी तिनं त्याला अडवलं.

"तू नको. आत्याबाई, गाठोडं तुम्ही बांधलं ना? तुम्हीच सोडा."

सोजरबाईंच्या गळ्यात अजून मिरच्यांची खवखव होती, म्हणून असेल किंवा आणखी कशानं, पण त्यांना उत्तर सुचलं नाही. सोजरबाईंना उत्तर सुचलं नाही हे बघायला शेजारच्या आणखी दोन दारांतून बायका बाहेर आल्या. म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली. गाठ पक्की मारली होती, ती नखांनी सुटेना, तेव्हा तिनं दात लावले. मग एकेक लुगडं काढून, झटकून, घडी घालून ती मांडीवर ठेवत गेली. शेवटचं लुगडं काढल्यावर ती सगळा गठ्ठा दोन्ही हातांत धरून उठली आणि धुरपदाच्या पुढं होऊन, सगळ्या गल्लीदेखत, तिच्या खोलीत ठेवायला गेली.